राहिलेली उडी

अंकुरने जीपच्या सीटवरून डोकं मागे लोंबतं सोडलं आणि उजव्या नाकपुडीत औषधाचे थेंब टाकले. मग डावीत. डोळे मिटून तो तसाच पडून राहिला. घरी आला त्या पहिल्या रात्री या थेंबांनी नाक असं मोकळं झालं होतं की सकाळपर्यंत पुरलं. आता आठवडा उलटला होता आणि नाक औषधाला सरावलं होतं. थोडा वेळ फट पडायची आणि मग ते आधीपेक्षा घट्ट बंद व्हायचं. चार-पाच दिवसांच्या वर वापरू नये, असं बाटलीवर बारीक अक्षरांत छापलेलं होतं. त्याने ते वाचलं होतं आणि बाटली पुन्हा खिशात टाकली होती.

काचेवर टकटक झाली. बाहेर त्याची आई, मनकर्णाबाई, नवी साडी नेसून उभी होती.

"काऊन रे, इथं लपून काऊन बसला? तुहे बाबा केव्हाचे तयार होऊन बसले."

"आलोच आई. सामान पाहून राहिलो."

तिने काचेतून वाकून त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं.

"डोळे लाल दिसते तुहे."

"धूळ आहे इथं."

धूळ होतीच. बोरगावजवळच्या माळावरची ती धावपट्टी वर्षभर निवांत पडलेली असायची. एरवी तिच्यावर शेळ्या बसत. आज तिथे मंडप उभा राहिला होता, खुर्च्या लागल्या होत्या, आणि अर्धं सौंसर गाव मोटरसायकली घेऊन लोटलं होतं. मध्य प्रदेशातल्या नव्या पांढुर्णा जिल्ह्याचा पहिला हवाई महोत्सव होता. विमानातून माणसं उडी मारणार, आणि त्यांना छातीशी बांधून उडी मारवणाऱ्यांपैकी एक, अंकुर, याच मातीतला, हे लाउडस्पीकरवरून प्रफुल्ल सकाळपासून सांगत होता. प्रफुल्ल अंकुरच्या वर्गातला. शाळेत असतानाही त्याच्या तोंडाला आराम नव्हता.

मंडपात पुढच्या रांगेत अंकुरचे बाबा, नत्थूजी, बसले होते. उड्या घडवणाऱ्या कंपनीने दिलेला निळा सूट त्यांनी अंगावर चढवला होता, कमरेला आणि मांड्यांना पट्टे आवळून घेतले होते आणि डोक्यावरची पांढरी टोपी मात्र काढली नव्हती. येणारा-जाणारा त्यांना हात जोडत होता. मुलीच्या लग्नात वरपक्षाची वाट पाहतानाही ते इतके ताठ बसले नव्हते.

"या वयात कायले अशी आफत, नत्थूजी?" कुणीतरी विचारलं.

"माह्या पोराच्या भरवशावर जाऊन राहिलो बापा. दुसऱ्या कोणासंगं नसतो गेलो."

हे वाक्य ते आठवडाभर गावात सांगत होते. बसस्टँडवर, कृषी केंद्रात, केस कापताना. ते ऐकलं की अंकुर विषय बदलायचा.

कारण नियम साधा होता आणि अंकुर तो दुसऱ्यांना शिकवत आला होता. नाक चोंदलं असेल तर उडी नाही. भुवयांच्या मागे, गालांच्या हाडांत हवेच्या पोकळ्या असतात. त्यांची वाट नाकातून. वाट बंद झाली की हवा आत कोंडते. वर जाताना ती फुगते, खाली येताना बाहेरचा दाब तिला आवळतो, आणि माणूस विमानातून पडतो तेव्हा हे सगळं मिनिटभराच्या आत होतं. फौजेच्या छत्रीधारी पलटणीत असताना त्याने एकाला सर्दी लपवून उडी मारताना पाहिलं होतं. कानाचा पडदा फाटला आणि त्याला भोवळ आली. वर काय आणि खाली काय हेच त्याला कळेना. आपोआप उघडणाऱ्या छत्रीमुळे तो वाचला. आणि तो एकटा होता. त्याच्या छातीशी कुणाचा बाप बांधलेला नव्हता.

रोज सकाळी कंपनीच्या दीपाली मॅडम सगळ्या उडीवाल्यांना नाक दाबून फुंकायला लावत. कानांत टक् झालं की ठीक. "कान मोकळे?" त्या विचारत. आज सकाळीही अंकुरने नाक दाबून गाल फुगवले होते. टक् झालं नव्हतं.

"मोकळे," तो म्हणाला होता.

असं का म्हणाला, हे समजायचं तर संत्र्याचं झाड कसं फुलतं ते सांगायला हवं. या भागात ते कुणाला सांगावं लागत नाही. संत्र्याला फुलवायचं तर आधी त्याला छळावं लागतं. थंडीत त्याचं पाणी तोडायचं. पानं मलूल होऊन वळायला लागेपर्यंत त्याला तहानलेलं ठेवायचं. याला ताण देणं म्हणतात. मग ताण तोडायचा, भरपूर पाणी सोडायचं, आणि काही आठवड्यांत जीव वाचल्याच्या आनंदात झाड नखशिखान्त पांढरं होतं. हा आंबिया बहार. सगळ्या शिवारात तो गोड, जड वास भरून राहतो. बाहेरून आलेली माणसं गाड्या थांबवून छाती भरून श्वास घेतात.

अंकुरला तो घेता येत नसे. लहानपणापासून. बहार आला की त्याचं नाक बंद, डोळ्यांतून पाणी, आणि भुवईवर असं दुखणं की बागेतल्या बांधावर बसून तो कपाळ दाबत राही. नत्थूजींना वाटायचं पोरगं कामाचं चुकार आहे. बहाराचेच दिवस कामाचे, आणि बहारातच हा बसलेला.

"कामाच्या टायमावर तुहं नाक बरोबर बंद होते," ते म्हणत. चारचौघांतही म्हणत. एकदा पाहुण्यांसमोर म्हणाले आणि सगळे हसले. अंकुर तेव्हा नववीत होता. त्यानंतर त्याने बापासमोर नाकाचं नाव काढलं नाही.

एकोणिसाव्या वर्षी तो फौजेत गेला. पुण्याच्या लष्करी दवाखान्यात एका डॉक्टरने तपासण्या करून सांगितलं की संत्र्याच्या फुलोऱ्याची ॲलर्जी आहे. तेवढे दिवस लांब राहिलात तर तुम्ही ठणठणीत. अंकुर लांब राहिला. सुट्टी नेहमी पावसाळ्यात घेतली. हे त्याने घरी कधीच सांगितलं नाही. सतरा वर्षांत पोरगं एकदाही बहारात घरी आलं नाही, एवढंच नत्थूजींच्या लक्षात राहिलं. त्यांच्या मनाने त्याचा जो अर्थ लावायचा तो लावला.

आणि आता फौज सुटल्यावर जी खासगी कंपनी मिळाली, तिला काम मिळालं ते याच जिल्ह्यात, तेही फेब्रुवारीत. अंकुर आधी पांढुर्ण्याला बहिणीकडे, अमिताकडे उतरला होता. नत्थूजींनी फोन केला.

"बापाचं घर असताना बहिणीच्या घरी उतरतेत का? लोकं काय म्हणतीन?"

घर बागेतच होतं. तो बॅग घेऊन आला. फाटकातून आत शिरताच त्याने पाहिलं की अख्खी बाग फुललेली आहे. शेजारच्यांची फुलं गळून बारीक फळं धरली होती. नत्थूजींची बाग मात्र आत्ता, ऐन या आठवड्यात, पानं दिसू नयेत इतकी पांढरी.

"उशिरा पाणी सोडलं तुह्या बाबानं," आईने रात्री सांगितलं. "तुमच्या कार्यक्रमाची तारीख समजली तवापासून. झाडं सुकायले आली होती, मी म्हटलं, अजी, मरतीन ना झाडं. तर म्हणे, पोराले वरतून आपली बाग पांढरी दिसली पाह्यजे. इतके साल पाहिली नाही त्यानं."

अंकुर तेव्हा उशीवर तोंड करून पडला होता, तोंडाने श्वास घेत. त्याला मोठ्याने रडावंसं वाटलं होतं, पण रडल्याने नाक आणखी चोंदतं.

तर असं ते अडकणं होतं. मॅडमना सांगितलं असतं तर त्याच्याऐवजी कंपनीतल्या पंकजने नत्थूजींना नेलं असतं. पंकज त्याच्यापेक्षा चांगला उडीवाला होता. पण मग मंडपात उभं राहून बापाला सांगावं लागलं असतं की माझं नाक बंद आहे. ते वाक्य अंकुरच्या घशातून वर येत नव्हतं.

पाहुणे उशिरा आले. मग दीप लागला, भाषणं झाली. पहिलं भाषण चालू असताना अंकुरचं नाक उघडं होतं. दुसऱ्या भाषणात डावी बाजू गेली. सत्काराच्या नारळांपर्यंत उजवीही गेली, आणि मुतारीच्या निमित्ताने जाऊन टाकलेल्या थेंबांनी फक्त घसा कडू झाला.

"चला, अंकुर," दीपाली मॅडमनी हाक मारली.

विमान छोटं होतं. आतल्या खुर्च्या काढलेल्या, सगळे जमिनीवर पाय पसरून बसायचे. पुढे वैमानिक, तो भोपाळचा, हिंदी बोलणारा. दाराजवळ पंकज आणि त्याच्यासोबत सौंसरच्या कॉलेजात शिकवणारी दामिनी मॅडम. मागे अंकुर आणि नत्थूजी, समोरासमोर. टोपी शेवटी काढावी लागली होती. ती मनकर्णाबाईंच्या हातात होती.

चाकं सुटली आणि माळ खाली गेला. नत्थूजींनी खिडकीला नाक लावलं. सौंसरची घरं दिसली, कापूस वेचून उभ्या राहिलेल्या पराटीची करडी वावरं दिसली, आणि बागांचे हिरवे चौकोन. त्यांत एकच पांढरा.

"दिसली?" नत्थूजी इंजिनाच्या आवाजावरून ओरडले. बोट काचेवर टेकवून ते पोराकडे वळले. "ती पाह्य. आपली."

"दिसली बाबा."

"कशी दिसते?"

"लय सुंदर दिसते."

खरंच दिसत होती. अंकुरचा उजवा हात त्याच वेळी भुवईवर गेला होता आणि अंगठा हाडाच्या खाली रुतत होता. मनगटावरचा उंचीचा काटा चार हजार फुटांवर होता. दुखणं सुईसारखं बारीक सुरू झालं आणि मग रुंद होत गेलं. त्याने नाक दाबून फुंकलं. काही हललं नाही. हात खाली घेताना त्याने पाहिलं, नत्थूजी आता खिडकीबाहेर पाहत नव्हते.

सात हजारांवर त्यांना वळायला लावून त्याने त्यांची पाठ आपल्या छातीशी घेतली आणि एकेक कडी अडकवली. खांद्यांच्या दोन, कमरेच्या दोन. ओढून पाहिल्या. हात कामाचे होते, ते आपलं काम करत होते. डोक्यात दुसरंच चाललं होतं. पाच सेकंद, दहा सेकंद, अर्ध्या मिनिटात पाच हजार फूट. भोवळ आली तर छत्री आपोआप उघडेल. पण मग उतरायचं कुठे, दोऱ्या ओढायच्या कशा, बासष्ट वर्षांची हाडं जमिनीवर कशी टेकवायची? सांग, तो स्वतःला म्हणत होता. आत्ता सांग. अजून विमानातच आहेस. पंकज हाताच्या अंतरावर बसला होता. अंकुरचं तोंड उघडंच होतं, श्वासासाठी, आणि त्यातून शब्द निघत नव्हता. आपल्या बापाला मरणाच्या दारात नेऊन बसवलं आहे, आणि कशासाठी, तर नववीत लोक हसले होते म्हणून, हे त्याला अगदी स्वच्छ कळत होतं. कळून उपयोग होत नव्हता.

त्याचा तोंडाने घेतलेला श्वास नत्थूजींच्या कानापाशी घरघरत होता.

"बरा आहे ना तू?" पुढे बघतच त्यांनी विचारलं.

"बरा आहे."

"पक्कं?"

"पक्कं, बाबा."

दार उघडलं. वारा आत घुसला आणि बोलणं संपलं. पंकजने अंगठा दाखवला, दामिनी मॅडमनी डोळे घट्ट मिटले आणि दोघे एकदम नाहीसे झाले. दाराच्या चौकटीत नुसतं आभाळ उरलं. अंकुर ढुंगणावर सरकत पुढे आला, बापाला पुढे ढकलत. खाली शिकवलेलं होतं की दाराशी आल्यावर हात छातीवर घ्यायचे, कशालाही धरायचं नाही.

नत्थूजींनी चौकट धरली. दोन्ही हातांनी.

"बाबा, हात छातीवर."

"नाही."

"काय?"

"मले नाही मारायची उडी." ते वाऱ्यावरून ओरडले, असे की वैमानिकाने मान वळवून पाहिलं. "मले भेव वाटते. मागं घे."

"बाबा, काही होत नाही..."

"भेव वाटते म्हटलं ना. मागं घे मले."

यालाही नियम होता. सोबतच्या माणसाने दाराशी नाही म्हटलं तर कुणी ढकलायचं नाही. अंकुरने त्यांना मागे ओढलं, दार लावून घेतलं आणि वैमानिकाला हाताने खूण केली. तो विमानाच्या भिंतीला टेकला. पहिल्यांदा आला तो आनंद, अगदी उघडा, बेशरम आनंद. बाबा घाबरले, सुटलो. मग त्या आनंदाची लाज वाटली. आयुष्यभर कुणापुढे न वाकलेला माणूस भ्याला आणि याला बरं वाटलं.

विमानाने नाक खाली घातलं. रिकामं विमान वैमानिक दगडासारखं खाली आणतात. तेलाचा खर्च असतो. अंकुरच्या भुवईत कुणी सांडशी लावून पिळल्यासारखं झालं आणि त्याच्या तोंडून आवाज निघाला.

"धीरे," नत्थूजी वैमानिकाला म्हणाले. "धीरे उतारो साहब. मेरे कान दुखते."

वैमानिकाने मान हलवली आणि उतार कमी केला. कड्या अजून सोडलेल्या नव्हत्या. बापाची पाठ त्याच्या छातीशी होती आणि एक खरबरीत हात मागे येऊन त्याच्या गुडघ्यावर बसला होता. थोडा वेळ बरा गेला. मग पुन्हा कळ आली, अंकुरने श्वास रोखला, आणि तो रोखताक्षणी नत्थूजी बोलले.

"और धीरे, साहब. बहुत दुखता."

तिसऱ्यांदाही तसंच झालं. चौथ्यांदाही. अंकुरचा श्वास अडला की त्यांचा कान दुखायचा. त्यांच्या मानेचा मागचा भाग त्याच्या डोळ्यांपुढे होता, उन्हाने रापलेला, आडव्या रेघांचा, आणि ती मान जराही ताठ नव्हती. दुखणाऱ्या माणसाची मान अशी नसते. अंकुरला तेव्हा समजलं. त्याने कपाळ त्या मानेवर टेकवलं आणि टेकवून ठेवलं. विमान मोठाले फेरे घेत सौंसरवरून हळूहळू खाली येत राहिलं. खिडकीतून पांढरा चौकोन येत होता आणि जात होता.

खाली सगळं गाव दोन छत्र्यांची वाट पाहत होतं आणि एकच आली होती. विमानाचं दार उघडून नत्थूजी पायांनी उतरले तेव्हा लोक एकमेकांकडे पाहू लागले. मग प्रफुल्लला सुचलं.

"तर मंडळी, आपले नत्थूजी काका वरतून बाग पाहून आले, आणि म्हणे, खाली उतरायले विमानच बरं."

हशा पिकला. अंकुरच्या नाकातून रक्ताची बारीक धार ओठावर आली होती. ती त्याने बाहीने पुसली आणि तो माईककडे निघाला. नत्थूजी त्याच्या आधी पोचले. त्यांनी प्रफुल्लच्या हातातून माईक घेतला.

"पाय लटपटले बापा," ते म्हणाले. "खोटं कायले सांगू. दार उघडलं न मी पोराले म्हटलं, मले घरी घेऊन चाल. त्यानं लय समजावलं. मीच नाही ऐकलं."

लोक आणखी हसले, आणि नत्थूजीही हसले. मनकर्णाबाईंनी टोपी पुढे केली. त्यांनी ती दोन्ही हातांनी नीट बसवली. कुणी त्यांच्या पाठीवर थाप मारली. दुपारपर्यंत ही गोष्ट पांढुर्ण्याच्या बाजारात पोचणार होती आणि पुढची वीस वर्षं पुरणार होती.

अंकुर मागच्या तंबूत गेला. दीपाली मॅडम हिशेबात डोकं घालून बसल्या होत्या.

"मॅडम, माझं नाक आठवड्यापासून बंद आहे. सकाळी मी खोटं बोललो."

त्यांनी मान वर केली आणि त्याच्या बाहीवरचं रक्त पाहिलं. त्या रागावतील असं त्याला वाटलं होतं. त्यांनी पेन खाली ठेवलं.

"उडायला उभा होतास तू? त्यांना घेऊन?"

"हो."

"घरी जा," त्या म्हणाल्या. "कानाच्या डॉक्टरचा कागद घेतल्याशिवाय माझ्यासमोर येऊ नको. आल्यावर ठेवायचं की नाही, ते बघू."

तंबूच्या मागे, डिझेलच्या पिंपांच्या सावलीत नत्थूजी सूट काढून धोतर सावरत उभे होते. अंकुर त्यांच्यासमोर जाऊन उभा राहिला.

"बाबा, तुम्हाले भेव नव्हतं वाटलं."

"वाटलं ना."

"मी जाऊन सांगतो सगळ्याइले. खरं काय ते."

"कायले?" नत्थूजींनी धोतराचा काष्टा खोचला. "माईकवर बोललो मी. आता मले खोटा पाडतं काय चार लोकाइत?"

तिकडे प्रफुल्ल आणखी कुणाचं नाव पुकारत होता. नत्थूजी पिंपाला टेकले. खिशातून तंबाखूची डबी काढली आणि न उघडता परत ठेवली.

"लहानपणी," ते म्हणाले, "बांधावर बसे तू. कपाय धरून."

"हो."

"तवाबी असंच दुखे?"

अंकुरला खोटं बोलता आलं असतं, आणि कदाचित तेच दयेचं झालं असतं. पण आज पुष्कळ झालं होतं.

"हो बाबा. असंच."

नत्थूजींनी मान हलवली. काही बोलायला म्हणून त्यांचे ओठ हलले आणि मिटले. माफी वगैरे शब्द त्यांच्या जिभेला कधी लागलेले नव्हते, आणि या वयात लागण्याची आशाही नव्हती.

"तू घरी नको येऊ आता," ते म्हणाले. "बोरगावच्या फाट्यावर थांब. पांढुर्ण्याची बस तिथंच थांबते. अमिताले फोन कर. बॅग मी आणतो."

"बाबा, मी येतो ना, आईले तरी..."

"फाट्यावर थांब म्हटलं."

अंकुर फाट्यावर थांबला. चहाच्या टपरीच्या बाकड्यावर तो बसून राहिला. एक बस गेली. आणायला इतका वेळ का लागावा हे त्याला कळेना. घर मोटरसायकलने जवळ होतं. ऊन कलायला लागलं तेव्हा नत्थूजी आले. ते बागेकडच्या रस्त्याने आले नाहीत, हायवेच्या बाजूने मोठा वळसा घालून आले. गाडी त्यांनी दूरच लावली.

त्यांनी आंघोळ केली होती. केस ओले होते आणि कानांमागे पाणी होतं. अंगात पेटीतला धुतलेला सदरा, घडीच्या रेघा तशाच. बॅग ओल्या फडक्याने पुसलेली, चेनच्या फटीसुद्धा. भर दुपारी हा माणूस सणाशिवाय कधी नाहत नसे.

टपरीवाल्याने त्यांना पाहिलं.

"काय नत्थूजी, उडी राहिली म्हणे तुमची?"

"राहिली बापा."

"भेले म्हणे."

"लय भेलो."

अंकुर उठला. त्याने तोंड उघडलं. नत्थूजींनी त्याच्याकडे एकदाच पाहिलं आणि त्याने ते मिटलं.

बॅग बाकड्यावर ठेवून नत्थूजी मागे सरकले. वारा बागांकडून येत होता. त्यांनी हात वर करून तो अजमावला आणि रस्ता ओलांडून पलीकडे गेले, त्यांच्या अंगावरून वारा पोराकडे जाणार नाही अशा बेताने. पाया पडायला म्हणून अंकुर त्यांच्या मागे निघाला तर त्यांनी तळहात पुढे करून त्याला थांबवलं.

"नको. तिथूनच कर."

मधून एक ट्रक गेला, मग दोन मोटरसायकली. अंकुरने रस्त्याच्या या बाजूने हात जोडले.

"पुढच्या साली पावसात येजो," नत्थूजी पलीकडून म्हणाले. "बहारात नको."

बस आली आणि दोघांच्या मध्ये उभी राहिली. अंकुर चढला, पलीकडच्या खिडकीशी गेला आणि काच सरकवली. नत्थूजी तिथेच होते. काच उघडलेली पाहून ते आणखी दोन पावलं मागे सरले आणि हाताने त्याला खूण करत राहिले, बंद कर, बंद कर.